कंपनी आणि स्थानिक फुटबॉल क्लब: टिकणारी भागीदारी कशी उभी करायची

१९०३ सालच्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या बायर या कंपनीत काम करणाऱ्या विल्हेल्म हाउशिल्डने मालकांना एक पत्र लिहिलं. आम्हाला खेळासाठी क्लब काढायचा आहे, कंपनीने पाठबळ द्यावं, एवढीच मागणी होती. पत्राखाली त्याच्या १७० सहकाऱ्यांच्या सह्या होत्या. कंपनीने होकार दिला आणि १ जुलै १९०४ रोजी क्लब स्थापन झाला. तोच आजचा बायर लेव्हरकुझेन. २०२३-२४ च्या हंगामात एकही सामना न हरता त्याने जर्मनीचं विजेतेपद मिळवलं.

मला त्या विजेतेपदापेक्षा त्या १७० सह्या जास्त महत्त्वाच्या वाटतात. मी एका छोट्या क्लबचं सचिवपद बरीच वर्षं सांभाळलं. मैदानापासून हाकेच्या अंतरावर मोठा कारखाना होता आणि त्याच्याकडे मदत मागायला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा फाइलमध्ये चषकांचे फोटो होते, वर्तमानपत्रातली कात्रणं होती, जर्सीवर लोगो कुठे येईल त्याचं रंगीत चित्र होतं. एचआरच्या मॅडमनी फाइल शांतपणे चाळली आणि एकच प्रश्न विचारला, "आमची किती माणसं तुमच्याकडे येतात?" अध्यक्ष, खजिनदार आणि मी, तिघांपैकी कोणालाच उत्तर माहीत नव्हतं. दहा मिनिटांत आम्ही गेटबाहेर होतो.

पुढे जी भागीदारी झाली ती या प्रश्नाचं उत्तर घेऊन गेल्यावर झाली. म्हणून या लेखाची सुरुवातही तिथूनच.

पायरी १: आधी माणसं मोजा

क्लबच्या नोंदणी अर्जात दोन प्रश्न वाढवा. घरातलं कोणी त्या कंपनीत काम करतं का? करत असेल तर कोणत्या पाळीत? दोन्ही प्रश्न ऐच्छिक ठेवा आणि तसं अर्जावरच छापा. कंत्राटी कामगार, शिकाऊ उमेदवार, कंपनीचा माल वाहणारे ड्रायव्हर, सुटे भाग पुरवणाऱ्या लहान वर्कशॉपमधली माणसं यांची मोजणी वेगळी करा. कागदावर ही सगळी माणसं कंपनीची नसतात, पण त्यांचं घर तिच्यावरच चालतं.

कंपनीला फक्त आकडे द्यायचे, नावं कधीही नाही. आपला मुलगा कुठे खेळतो हे साहेबांना कळण्यात आपल्याला काही वाटत नाही, पण कंत्राटावरच्या माणसाला प्रत्येक गोष्टीची धास्ती असते. त्याने विश्वासाने भरलेली माहिती एकदा जरी बाहेर गेली तरी पुढच्या वर्षी तो रकाना रिकामा येईल.

आम्ही ही मोजणी केली तेव्हा दोन गोष्टी समोर आल्या. लहान मुलांच्या गटात जवळजवळ निम्म्या घरांत कारखान्याचा पगार येत होता. हे अपेक्षेपेक्षा जास्त होतं, पण धक्का बसावा असं नव्हतं. दुसऱ्या गोष्टीने मात्र आम्हाला खडबडून जागं केलं. हजेरीपट आणि पाळ्यांचं वेळापत्रक शेजारी ठेवलं तर काही मुलांच्या गैरहजेरीचा एक ठरावीक फेरा दिसत होता. एक आठवडा येतात, दुसरा बुडतो. प्रशिक्षक त्यांना बेशिस्त म्हणत होते, दोघांना संघातून वगळलंही होतं. खरं कारण असं होतं की वडिलांची दुसरी पाळी आली की मुलाला मैदानावर सोडायला घरी कोणीच नसायचं.

भागीदारीत कंपनीला देण्यासारखं आपल्याकडे काय आहे, हे आम्हाला त्या दिवशी समजलं. पाळ्या सांभाळून चालणारा क्लब आम्ही देऊ शकत होतो.

आकडे हाती आले की सह्या गोळा करा. "आम्हा कामगारांना आणि आमच्या मुलांना या क्लबात खेळायचं आहे, कंपनीने सहकार्य करावं" असं साधं पत्र, आणि मजकूर कामगारांनीच लिहिलेला. ज्यांना सही करायची नाही त्यांना गळ घालू नका.

पायरी २: स्वतःचं घर नीट लावा

यावर फार लिहीत नाही, कारण यात नवीन काही नाही. संस्थेची नोंदणी, घटना, गेल्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, दोन सह्यांनी चालणारं बँक खातं, मैदान वापरण्याचा लेखी हक्क, खेळाडूंचा विमा, आणि मुलांच्या सुरक्षिततेचं लेखी धोरण. शेवटच्या मुद्द्याला बऱ्याच क्लबांमध्ये कोणी हात लावलेला नसतो. लहान मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची पडताळणी कोण करतं, तक्रार कोणाकडे करायची, बाहेरगावच्या सामन्याला मुलांबरोबर कोण जातं हे लिहून ठेवलेलं नसेल, तर जबाबदार कंपनीचा कायदा विभाग पुढे जाणार नाही. आणि तसं करण्यात तो बरोबर असेल.

मैदानाच्या हक्काचा कागद मात्र दोनदा वाचा. भाडेकरार पुढच्या वर्षी संपणार असेल तर तीन वर्षांची भागीदारी मागण्यात अर्थ नाही.

पायरी ३: कंपनीला काय हवं आहे ते शोधा

क्लबवाले बहुतेकदा धरून चालतात की कंपनीला जाहिरात हवी. गावातली दुकानं किंवा बँकेच्या शाखा यांच्या बाबतीत ते खरं असतं. पण जिथे हजारो माणसं कामाला आहेत अशा कारखान्याचं, रुग्णालयाचं किंवा गोदामाचं गिऱ्हाईक तुमच्या मैदानाच्या कडेला उभं नसतं. तिथे उभे असतात त्यांचे कामगार, आणि उद्या कामाला येऊ शकतील अशी मुलं-मुली.

अशा मोठ्या मालकाच्या अडचणी साधारण ठरलेल्या असतात. शिकलेले तरुण वर्षभरात नोकरी सोडून जातात. बाहेरून बदलून आलेल्या कुटुंबांचा जीव गावात रमत नाही. पाळ्यांमुळे माणसं थकतात आणि एकमेकांपासून तुटतात. ऑफिसातली आणि शॉपफ्लोअरची माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. ट्रकची वर्दळ, आवाज, वास यांवरून शेजारपाजारच्या वस्तीशी कुरबुर असते. यातल्या तीन गोष्टींवर तरी फुटबॉल क्लब काहीतरी करू शकतो. कोणत्या तीन, हे कंपनीच्या माणसांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

हे नातं किती जुनं आहे, हे मोठमोठ्या क्लबांच्या इतिहासात दिसतं. आर्सेनल १८८६ साली लंडनजवळच्या वूलिच इथल्या शस्त्रनिर्मिती कारखान्याच्या कामगारांनी सुरू केला. मँचेस्टर युनायटेडचं मूळ १८७८ सालच्या न्यूटन हीथ संघात आहे, आणि तो रेल्वेच्या डबे-वाघिणी विभागातल्या कामगारांचा संघ होता. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनचा पीएसव्ही १९१३ साली फिलिप्स कंपनीच्या कामगारांसाठी निघाला. नावातलं पहिलं अक्षरच फिलिप्सचं. लंडनचा वेस्ट हॅम १८९५ साली थेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्याचा संघ म्हणून जन्मला. मालक आणि कामगार यांच्यातले संबंध बिघडलेले असताना ते सांधायला खेळाचा उपयोग होईल असं मालक आर्नल्ड हिल्सला वाटत होतं. यातल्या कोणाचीही सुरुवात जर्सीवरच्या जाहिरातीने झालेली नाही. दिवसभर एकाच छपराखाली राबणारी माणसं संध्याकाळी एकत्र खेळू लागली, आणि त्यातून क्लब झाले.

पायरी ४: कोणाला भेटायचं, कोणत्या क्रमाने

सगळ्यात आधी युनियनचे किंवा कामगार प्रतिनिधी. हे माझं ठाम मत आहे आणि ते बऱ्याच जणांना पटत नाही. युनियनला टाळून साहेबांकडे गेलात तर क्लब "मॅनेजमेंटचा" ठरतो आणि तो शिक्का पुसायला वर्षं लागतात. प्रतिनिधींना सांगा की आम्ही मैदान कामगारांसाठी उघडू पाहतो आहोत, तुमच्या वतीने बोलत नाही आहोत.

मग एचआर. पाळ्या, गळती, शिकाऊ उमेदवार या सगळ्यांची माहिती तिथेच असते आणि तुमचा प्रस्ताव कोणाच्या कामाचा आहे हे त्यांनाच आधी कळतं. त्यानंतर प्लांटचे प्रमुख. जनसंपर्क आणि मार्केटिंग विभागाकडे सर्वात शेवटी जा. तिथे आधी गेलात तर बोलणं जर्सीवरच अडकतं, आणि जाहिरातीच्या बजेटाला दरवर्षी नव्याने कात्री लागते.

सामाजिक जबाबदारीच्या निधीबद्दल एक सूचना. हा निधी स्वतःच्या कामगारांच्या फायद्यासाठी किंवा जाहिरातीसाठी वापरायला कायद्याने मनाई असू शकते. तुमच्या देशातला नियम कंपनीच्या लेखा विभागाकडून लेखी समजून घ्या. एकाच करारात मुलांचं प्रशिक्षण, कामगारांची स्पर्धा आणि लोगो असं सगळं कोंबलं तर तिन्हीचे पैसे अडकतात. वेगळ्या कामांसाठी वेगळी खाती दाखवा.

पायरी ५: काय मागायचं

पैसे शेवटी मागा. मोठ्या कंपनीकडे क्लबला लागणाऱ्या कितीतरी गोष्टी आधीच असतात: सुटीच्या दिवशी उभी असलेली बस, प्रथमोपचार शिकवू शकणारी नर्स, हिशेब तपासून देणारा अकाउंटंट, नकाशे काढणारा इंजिनियर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन.

आमच्या मैदानावरचे फ्लडलाइट दोन वर्षं अर्धे बंद होते. बाहेरच्या ठेकेदाराने सगळे दिवे बदलायला सांगितले होते आणि त्याचं अंदाजपत्रक आमच्या वर्षभराच्या उत्पन्नापेक्षा जास्त होतं. पहिल्या करारात आम्ही रोख रकमेऐवजी कारखान्याच्या मेंटेनन्सची दोन दिवसांची मदत मागितली. शनिवारी सकाळी चार जण शिडीची गाडी घेऊन आले. त्यातल्या वयाने सर्वात मोठ्या माणसाने वर चढून पहिल्या खांबावरचा डबा उघडला, आतली वायर दोन बोटांत धरली आणि खाली ओरडून सांगितलं, "दिवे चांगले आहेत. पाणी शिरून जोड सडलेत." दुपारपर्यंत सगळे जोड कापून नवे बसले, डब्यांना रबराची पट्टी लागली. संध्याकाळी सहा वाजता त्यांनी स्विच टाकला तेव्हा मैदानाचा तो कोपरा आम्ही कित्येक महिन्यांनी उजेडात पाहिला. त्या चौघांपैकी दोघांच्या मुली पुढच्या महिन्यात क्लबात आल्या. एक जण नंतर आमच्या मैदान समितीवर आला आणि दर हंगामाआधी तो सगळे डबे स्वतः उघडून पाहायचा.

अशा मदतीची किंमत मात्र ठरवा आणि लिहा. दोन दिवस, चार माणसं, एवढं सामान, बाजारभावाने इतके पैसे. नाहीतर वर्षाच्या शेवटी कंपनी म्हणते आम्ही खूप केलं, क्लब म्हणतो आम्हाला काहीच मिळालं नाही, आणि दोघंही प्रामाणिकपणे बोलत असतात. उंचावर किंवा विजेचं काम असेल तर विमा कोणाचा, हेही त्याच कागदावर.

रोख रक्कम मागायची ती ज्या कामाला दुसरा पर्याय नाही त्यासाठी: प्रशिक्षकांचं मानधन, रेफ्रींचं शुल्क, ज्यांना परवडत नाही अशा मुलांची फी. हंगाम सुरू होण्याआधी निम्मी आणि मध्यावर निम्मी, असे हप्ते मागा. हंगाम संपल्यावर येणाऱ्या पैशांवर क्लब चालत नाही.

पायरी ६: बदल्यात काय द्यायचं

पाळ्यांचं वेळापत्रक भिंतीवर लावा आणि त्यावरून सरावाच्या वेळा ठरवा. फिरत्या पाळ्या असतील तर एकाच वयोगटाचा सराव सकाळी आणि संध्याकाळी असा दोनदा घ्या, मुलाने दोनपैकी कुठल्याही वेळी यावं. प्रशिक्षकाचे तास वाढतात, हे खरं आहे. कंपनीकडून पैसे मागायचे तर ते याच वाढीव तासांसाठी मागा. कारण कंपनीच्या कोणालाही तो खर्च समजावून सांगावा लागत नाही.

मुलांना मैदानावर आणण्याचा प्रश्न आम्ही पालकांच्या गटांनी सोडवला. एकाच गल्लीतल्या, वेगवेगळ्या पाळ्यांतल्या चार घरांचा एक गट. ज्याची पाळी नसेल त्याने चारही मुलं आणायची. मुलं कोणाबरोबर जाणार याची लेखी परवानगी पालकांकडून घ्यायची आणि यादी प्रशिक्षकाकडे ठेवायची. यात कंपनीचा काडीचाही खर्च झाला नाही, तरी पुढच्या बैठकीत मॅडमनी सर्वात जास्त प्रश्न याबद्दलच विचारले.

विभागांची आंतरस्पर्धा सात-सात जणांची ठेवा, सामने छोटे ठेवा, आणि प्रत्येक संघात ऑफिस व शॉपफ्लोअर दोन्हीकडची माणसं असलीच पाहिजेत असा नियम करा. महिलांचा संघ वेगळ्या दिवशी "जमलं तर" घ्यायचा असं करू नका. त्यांची वेळ आधी ठरवा, बाकीचं त्याभोवती बसवा. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी न धावता खेळायचा चालता फुटबॉल सुरू करता येतो. ज्यांना खेळायचं नाही त्यांच्यासाठी रेफ्रीचा अभ्यासक्रम ठेवा. क्लबला रेफ्री कायम कमी पडतात आणि पाळीवर पर्यवेक्षक म्हणून काम केलेली माणसं शिट्टी चांगली सांभाळतात, असा माझा अनुभव आहे.

नोकरीच्या वाटेबद्दल जपून बोला. "आमच्याकडे खेळलात तर कंपनीत लागाल" असं वाक्य कोणाच्याही तोंडून निघता कामा नये, प्रशिक्षकाच्या तर नाहीच. देता येण्यासारखं एवढंच: शिकाऊ उमेदवारांच्या भरतीची माहिती क्लबच्या फलकावर वेळेत लागेल, अर्ज भरायला मदत मिळेल, कारखाना आतून पाहता येईल. निवड कंपनीची आणि तिच्या नियमांनी.

पायरी ७: प्रस्ताव एका पानाचा

वर आकडे: तुमची इतकी कुटुंबं आमच्याकडे आहेत, त्यातली इतकी पाळीमुळे सराव चुकवतात. मध्ये तीन कामं, प्रत्येकाला कोण जबाबदार आणि खर्च किती. खाली मागणी. मागे सह्यांचं पत्र जोडलेलं. चषकांचे फोटो घरी ठेवा. बैठकीला अध्यक्षांबरोबर कंपनीत काम करणारा एखादा पालक न्या आणि पहिली पाच मिनिटं त्याला बोलू द्या.

पायरी ८: करार

इथे घाई करू नका. नावापासून सुरुवात करा. क्लबचं नाव, बोधचिन्ह आणि रंग क्लबच्याच मालकीचे राहतील, हे पहिलं कलम. जपानमध्ये १९९३ साली जे-लीग ही व्यावसायिक फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिथले बहुतेक संघ कंपन्यांचे होते. लीगने संघाच्या नावातून कंपनीचं नाव काढायला लावलं आणि गावाचं नाव पुढे आणलं. मित्सुबिशीचा संघ उरावा रेड डायमंड्स झाला. मित्सुबिशीच्या चिन्हातले हिरे राहिले, पण ओळख गावाची झाली. कंपनी पाठीशी राहूनही क्लब गावाचा होऊ शकतो, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

मग निर्णयाचा अधिकार. कंपनीचा एक प्रतिनिधी कार्यकारिणीत असावा, पण बहुमत सभासदांचं. जर्मनीत १९९८ पासून '५०+१' म्हणून ओळखला जाणारा नियम आहे. क्लबने व्यावसायिक संघाची कंपनी केली तरी मतांचा निर्णायक वाटा मूळ सभासद संस्थेकडे राहतो. लेव्हरकुझेन आणि फोक्सवॅगनचा वोल्फ्सबुर्ग यांना त्यातून सूट मिळाली, ती दीर्घकाळ सलग पाठबळ दिल्याच्या आधारावर. आपल्या छोट्या क्लबला एवढी गुंतागुंत नको, पण घटनेत एक ओळ हवीच: देणगीदार कितीही मोठा असो, मत एकच.

संघनिवड हे स्वतंत्र कलम करा. साहेबांचा मुलगा आणि हेल्परचा मुलगा एकाच जागेसाठी खेळतात तेव्हा मैदानाबाहेरचे सगळे डोळे प्रशिक्षकावर असतात. निवडीबाबत कंपनीच्या कोणत्याही अधिकाऱ्याने प्रशिक्षकाशी बोलायचं नाही, बोललाच तर प्रशिक्षकाने सचिवाला कळवायचं. हे कलम वाचताना समोरच्यांना अवघडल्यासारखं होतं. तरी वाचा. आमच्या इथे दुसऱ्याच वर्षी ते उपयोगी पडलं, आणि प्रशिक्षकाला एक शब्दही बोलावा लागला नाही. त्याने कागद दाखवला.

मुदत किमान तीन हंगामांची असावी. मोडायचा तर बारा महिन्यांची लेखी सूचना, आणि चालू हंगामाचे पैसे परत मागायचे नाहीत. मुलांचे फोटो पालकांच्या संमतीशिवाय जाहिरातीत वापरायचे नाहीत. कंपनी दारू, तंबाखू किंवा जुगाराच्या धंद्यात असेल तर मुलांच्या जर्सीवर तिचं नाव येणार नाही. आणि मैदान किंवा इमारत कंपनीच्या जागेवर असेल तर भागीदारीचा करार आणि जागेचा करार वेगवेगळे ठेवा. एक संपला म्हणून दुसरा आपोआप संपता कामा नये.

पायरी ९: पहिला हंगाम

दोन्हीकडून एकेक माणूस नेमा आणि त्यांची महिन्यातून एक बैठक ठरवा. कंपनीतला तुमचा माणूस बदलून गेला तर काय, याचा विचार आधीच करा, कारण तो बदलून जाणारच. प्रत्येक बैठकीचं टिपण एचआर आणि प्लांटप्रमुख दोघांनाही पाठवत गेलात तर नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

हिशेब सोपा ठेवा. किती जण आले, कोणत्या पाळीतले, किती मुली, किती मुलांची फी माफ झाली, पाळीमुळे चुकलेले सराव किती कमी झाले. लोगो किती लोकांनी पाहिला हे मोजत बसू नका. कामगाराने नोकरी सोडली नाही ती क्लबमुळे, असा दावाही करू नका. ते सिद्ध करता येत नाही आणि एका फोल दाव्यामुळे बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

पायरी १०: संप, कपात, अपघात

या प्रसंगांचा विचार सुखाच्या दिवसांत करून ठेवावा लागतो. आमच्या कारखान्यात कामगारांचा वाद चिघळला तेव्हा भागीदारीचं तिसरं वर्ष चालू होतं. गेटवर सभा होत होत्या आणि त्याच संध्याकाळी त्याच माणसांची मुलं, सुपरवायझरच्या मुलांबरोबर, आमच्या मैदानावर सराव करत होती. एका बाजूने निरोप आला की मैदानावर सभा घेऊ द्या. दुसऱ्या बाजूने विचारणा झाली की कोण कोण सभेला जातं ते पालकांच्या गटातून कळेल का. आम्ही दोघांनाही नाही म्हटलं. पण करारात त्याबद्दल काहीच लिहिलेलं नसल्यामुळे ते नाही आम्हाला चार रात्री जागून, एकमेकांशी भांडून ठरवावं लागलं. कार्यकारिणीतले दोघे त्या वादात कायमचे दुरावले. त्यांचं दुरावणं मला आजही लागतं.

म्हणून आधीच लिहा: औद्योगिक वादाच्या काळात मैदान फक्त खेळासाठी. सभा नाही, फलक नाही, माहिती देणं-घेणं नाही. वाद चालू असेपर्यंत कंपनीचे अधिकारी बक्षीस समारंभाला येणार नाहीत. पगार थांबलेल्या घरांतल्या मुलांची फी आपोआप स्थगित होईल, अर्ज करावा लागणार नाही. त्यासाठी क्लबने दरवर्षी स्वतःच्या उत्पन्नातून थोडी रक्कम बाजूला ठेवावी, कंपनीच्या पैशातून नव्हे. कपात झाली तर ज्याची नोकरी गेली त्याच्या मुलाची जागा किमान एक हंगाम राखून ठेवा. कारखान्यात अपघात झाला तर सामने पुढे ढकला आणि प्रसिद्धीसाठी एक ओळही लिहू नका.

पायरी ११: कंपनी निघून जाईल तेव्हा

जपानमधला योकोहामा फ्लुगेल्स हा क्लब एक बांधकाम कंपनी आणि एक विमान कंपनी अशा दोघींच्या आधारावर उभा होता. १९९८ साली त्यातल्या बांधकाम कंपनीने हात काढून घेतला. एकट्या विमान कंपनीला भार पेलेना आणि क्लब त्याच शहरातल्या मारिनोस या क्लबमध्ये विलीन करायचं ठरलं. फ्लुगेल्सने शेवटचा सामना १ जानेवारी १९९९ रोजी खेळला, तो जपानच्या एम्परर्स कप स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि तो त्यांनी जिंकला. त्यानंतर क्लब उरला नाही. त्यांच्या पाठीराख्यांनी योकोहामा एफसी हा स्वतःचा क्लब उभा केला. भारतात पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकणारा, पंजाबातल्या जेसीटी या कापड कंपनीचा क्लब २०११ मध्ये बंद झाला. फ्रान्समध्ये प्यूजोने १९२८ साली काढलेला सोशो २०१५ मध्ये विकला गेला, २०२३ मध्ये आर्थिक संकटामुळे तिसऱ्या स्तरावर ढकलला गेला आणि तो वाचवायला स्थानिक गुंतवणूकदारांबरोबर पाठीराख्यांनीही पैसे घातले.

आमच्या क्लबात आम्ही एक मर्यादा घालून घेतली: एका कंपनीचा वाटा वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ द्यायचा नाही. जास्त मिळत असेल तर वरची रक्कम रोजच्या खर्चात न घेता टिकणाऱ्या गोष्टींवर लावायची, जसं कुंपण, निचरा, दिवे, गोलपोस्ट. कंपनी गेली तरी निचरा राहतो.

दुसरी तयारी आधार वाटून घेण्याची. फिलिप्सचं नाव पीएसव्हीच्या जर्सीवर १९८२ पासून २०१६ पर्यंत होतं. २०१९ मध्ये त्या जागी ब्रेनपोर्ट आइंडहोवन हे नाव आलं. त्या परिसरातल्या फिलिप्स, एएसएमएल यांच्यासारख्या काही उद्योगांनी मिळून क्लबमागे उभं राहण्याची ती योजना होती. छोट्या क्लबलाही हे जमतं. कंपनीला सुटे भाग पुरवणारी वर्कशॉप्स, वाहतूकदार, कंत्राटदार यांना भागीदारीच्या दुसऱ्याच वर्षी छोट्या रकमेने सोबत घ्या आणि त्यासाठी कंपनीच्या खरेदी विभागाकडून ओळख करून घ्या. सगळं नीट चालू असतानाच ते आनंदाने ओळख करून देतात.

थेम्स आयर्नवर्क्स १९१२ साली बंद पडला. संघ त्याआधीच, १९०० मध्ये, वेगळा होऊन वेस्ट हॅम युनायटेड झाला होता. त्याच्या बोधचिन्हावर आजही दोन हातोडे आहेत, रिव्हेट ठोकणाऱ्या कामगारांचे, आणि मैदानात पाठीराखे अजून "आयर्न्स" अशी हाक देतात. आमच्या कारखान्यातली एक शाखा मध्यंतरी दुसरीकडे हलली. तिच्याबरोबर गेलेल्यांची नावं आम्ही सभासदांच्या यादीतून काढली नाहीत, रकान्यात फक्त "बाहेरगावी" असं लिहिलं. त्यातले तिघे अजून वर्गणी पाठवतात.